कुरडयांवर बादली

पुणे

ती. बाबा, प्रिय आई,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलं, "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काय करून राहिली तू?" मी "टायमर" म्हटलं आणि तुम्ही गप्पच झाले. म्हणून लिहिते.

आपला जुना कूलर आठवा. पारा 45 ला टेकलेला, तुमच्या मोबाइलवर दर दोन तासांनी गजर. वाजला की बादली भरायची, खिडकीतून टाकीत ओतायची. त्या दुपारी आईनं कूलर कबाडीवाल्याला दिला. गजरही आठवणीनं बंद केला. पण तुम्ही आधीच न्हाणीघरात बादली भरत होते. चष्मा न लावता आले आणि सवयीनं ओतली. खाली काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडया!

माझ्या ड्रायव्हरमध्ये हेच झालं. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला जोडलेलं उपकरण चालवणारा प्रोग्राम. उपकरण काढलं की त्याची मेमरी मोकळी करायची. मी त्याआधी टायमर, म्हणजे ठरल्या वेळी एक फंक्शन (छोटं काम) सुरू करणारा गजर, रांगेतून काढला, पण त्याचं फंक्शन प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर (एकाच वेळी वेगळं काम करणाऱ्या भागावर) सुरू झालेलं होतं. ते मोकळ्या मेमरीत लिहून आलं आणि मशीन बसली. तेही रोज नाही. दोन दिवस सारखी काढ-घाल केली तेव्हा एकदा सापडलं.

यावर 'टायमर डिलीट सिंक' (आधीचं नाव 'डेल टायमर सिंक') नावाची आज्ञा आहे. ते चालू फेरी संपेपर्यंत थांबतं, म्हणजे तुम्ही बादली ठेवेपर्यंत कूलर हलवायचा नाही. ते लावलं, तर मंगळवारी मशीन गोठली. फंक्शनला लागणारं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली, मीच धरून बसले होते. आईनं दार आतून लावून "हे आत आल्याशिवाय उघडत नाही" म्हणावं, तसं!

लॉक सोडलं, तरी एक भोक उरलंच. मधेच दुसऱ्या कोणी गजर पुन्हा लावला तर? माझ्याकडे मागे चालणारं एक वेगळं काम तेच करत होतं. त्यासाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या 6.2 आवृत्तीत, फेब्रुवारी 2023 ला, 'टायमर शटडाउन सिंक' आलं. तेही फेरी संपू देतं, पण त्यानंतर कोणी गजर लावला तरी लागतच नाही. आता आधी हे शटडाउन, मग ते मागचं काम रद्द, मग मेमरी मोकळी. तीन ओळी, आणि आठवडा गेला बाप्पा.

आई, नव्या कूलरला फ्लोट बसवून घे, बाबांना बादली उचलू देऊ नको. आणि काकूंना कुरडयांचं शेवटी काय सांगितलंस?

तुमची,
छकुली