मुदत संपलेल्या नंबरला टॉकटाइमचं कर्ज देऊन त्याची वसुली केल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
महाराष्ट्र व गोवा सर्कल

विषय: प्रीपेड नंबरची व्हॅलिडिटी संपल्यावर दिलेल्या निरुपयोगी ‘उसन्या बॅलन्स’चा परतावा मिळणे आणि ही सेवा दुरुस्त होणे

महोदय,

माझ्या आईचा नंबर तुमच्या कंपनीचा आहे, प्रीपेड. ती करवीर तालुक्यात प्रयाग चिखलीला राहते, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यात नेट नाही, तुमचं ॲप नाही आणि तिला ते नकोही आहे. नंबर तिच्या नावावर असला तरी रिचार्ज मीच मारते, त्यामुळे हे पत्र मी लिहिते आहे. खाली तिची सही आहे.

तक्रार अशी. तिच्या नंबरची मुदत संपलेली असताना तुमच्या यंत्रणेने तिला १० रुपये टॉकटाइम उसना दिला. मुदत नसल्यामुळे त्यातून एकही फोन लागला नाही. दोन दिवसांनी ते १० रुपये आपोआप संपले. नंतर तुम्ही तिच्याकडून १३ रुपये वसूल केले.

झालं ते असं. यंदाच्या पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं. चिखलीच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेलं गाव आहे ते. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट न बघता लोक जनावरं हलवतात. आईच्या दोन म्हशी आहेत. मामाचा टेम्पो आहे, पण मामा राहतो कसबा बावड्यात. सकाळी तिने मामाला फोन लावला, तर तुमची रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली की प्लॅनची मुदत संपली आहे, रिचार्ज करा. प्लॅन आदल्या रात्री बारा वाजता संपला होता. गावातलं रिचार्जचं दुकान त्या दिवशी बंद, कारण दुकानदार स्वतःच सामान माळ्यावर चढवत होता.

शेजारच्या पोराने तिला तुमचा उसन्या बॅलन्सचा कोड दाबून दिला. बॅलन्स संपलेल्या ग्राहकाने अडकून पडू नये म्हणून तुम्ही ज्याची जाहिरात करता, तोच. लगेच इंग्रजीत मेसेज आला की १० रुपये जमा झाले. तिने परत मामाला फोन लावला. परत तीच बाई, परत तेच वाक्य. मला लावला, तेच. शेवटी त्या पोराच्या फोनवरून मामाला निरोप गेला आणि म्हशी वेळेत हलल्या. नुकसान झालं नाही, म्हणून मी भरपाई मागत नाही. पण तुमची मदत त्या सकाळी काय कामाची होती, ते मला विचारायचं आहे.

ग्राहक सेवेला फोन केल्यावर तुमच्या प्रतिनिधीने शांतपणे सांगितलं, “मॅडम, लोन टॉकटाइमचं असतं, व्हॅलिडिटीचं नाही.” त्याचा राग नाही. त्याच्यासमोर जे लिहिलेलं होतं ते त्याने वाचलं. पण ज्या यंत्रणेने आईचा फोन अडवला, तिला मुदत संपल्याचं पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच कंपनीच्या यंत्रणेने काही मिनिटांत त्याच नंबरला कर्ज मंजूर केलं. आटलेल्या विहिरीवर दोर आणि बादली भाड्याने द्यावी तसा हा व्यवहार आहे. मुदत नसलेल्या नंबरला टॉकटाइम देऊन उपयोग नाही हे तुम्हाला माहीत होतं, आईला नव्हतं.

ही सेवा काढली तेव्हा काळ वेगळा होता हे मला कळतं. तेव्हा सिममध्ये पैसे असायचे आणि पैसे संपले की फोन थांबायचा. दहा रुपये उसने मिळाले की खरंच काम व्हायचं. अगदी रुपया-आठ आणे उरले असले तरी मिस्ड कॉल देता यायचा, आणि आमच्याकडे अर्धी कामं मिस्ड कॉलवर व्हायची. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. आता फोन थांबतो तो पैसे संपल्यामुळे नाही, तारीख संपल्यामुळे. मुदत संपली की मिस्ड कॉलही जात नाही, कारण तोही आउटगोइंगच. खात्यात शंभर रुपये असले तरी जात नाही. तुम्ही प्लॅनची सगळी रचना बदललीत, पण अडल्या ग्राहकाची सोय जुन्या रचनेवरच ठेवलीत, आणि तिच्यावरचे तीन रुपये मात्र घेत राहिलात.

आता हिशेब. मी शिवाजी उद्यमनगरात एका कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळे हा भाग जरा लांबेल.

कर्ज घेतल्यावर आईला थकबाकीचे मेसेज सुरू झाले. मी तिचा नेहमीचा प्लॅन भरला, तरी मेसेज थांबेनात. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं की प्लॅनमधून वसुली होत नाही, २० चा टॉप-अप मारा म्हणजे खातं मोकळं होईल. मारला. २० रुपयांत १८ टक्के जीएसटी आत धरलेला असतो, तो ३ रुपये ५ पैसे. उरले १६.९५. त्यातून २ रुपये तुमची प्रोसेसिंग फी. उरले १४.९५. त्यातून कर्जाचे १३. आईच्या हाती पडला १ रुपया ९५ पैसे. म्हणजे एकही फोन न लागलेल्या कर्जासाठी खिशातून २० रुपये गेले आणि दोन रुपयेही परत आले नाहीत. (१० चा टॉप-अप मारला असता तर ७.४७ मिळाले असते, म्हणजे कर्ज फिटलंच नसतं. ही माहितीही मला कुणी दिली नाही, मी स्वतः गणित केलं.)

शिवाय एक विसंगती पाहा. पैसे देऊन घेतलेल्या टॉप-अपमधल्या टॉकटाइमला मुदतीचं बंधन नसतं. तुम्ही उसन्या दिलेल्या टॉकटाइमला मात्र दोन दिवसांची मुदत. वापरला नाही तर तो परत घ्या आणि कर्ज रद्द करा, इतकं सरळ आहे. पण टॉकटाइम तुम्ही परत घेतलात आणि कर्जही तसंच ठेवलंत. आमच्या कारखान्यात एखाद्या पुरवठादाराने माल परत नेला आणि बिल कायम ठेवलं, तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करत नाहीत.

मेसेज इंग्रजीत होता, हेही नोंदवा. १३ रुपये कापले जातील आणि दोन दिवसांत वापरा, हे दोन्ही त्यात होतं, मी नंतर वाचलं. आईला मराठी वाचता येतं. सिम घेताना भाषा मराठी निवडलेली आहे. मूल्यवर्धित सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा २०१३ चा निर्देश आहे. कर्ज त्यात बसतं की नाही यावर तुमचे वकील वाद घालतील, घालू देत. पण ज्या भाषेत माणसाला कळत नाही त्या भाषेत घेतलेला होकार हा होकार कसा, याचं उत्तर त्यांनाच द्यायला सांगा.

“वेळेत रिचार्ज का केला नाही?” हे तुमचं पुढचं वाक्य असेल, म्हणून त्यावरही लिहिते. प्लॅन २८ दिवसांचा. म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज, आणि तारीख दर वेळी मागे सरकणारी. आईकडे पैसे येतात ते दूध संस्थेच्या बिलातून, दर दहा दिवसांनी. तुमच्या २८ चा आणि तिच्या १० चा मेळ बसत नाही, कधीच बसणार नाही. किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा हवा, असं ट्रायने २०२२ मध्ये सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं व्हाउचर द्या, असंही सांगितलं. आईसारख्यांसाठीच होतं ते. तुमच्याकडे ते आहे, मी शोधून काढलं, पण थेट ८४ दिवसांचं. जवळजवळ तीन महिन्यांचे पैसे एकदम मोजायचे. दुधाच्या एका बिलात ते बसवायचं तर पेंड उधार आणावी लागते.

राहिला ऑनलाइन रिचार्जचा मार्ग. मी तोच वापरते, मला सोपा आहे. पण रिचार्ज संपलेल्या माणसाला तो नाही, कारण नेटही त्याच प्लॅनमध्ये असतं. ॲप उघडायला नेट हवं आणि नेट हवं तर रिचार्ज हवा.

मुदत संपली तरी ११२ हा आपत्कालीन नंबर लागतो, हे मला ठाऊक आहे. पण म्हशी टेम्पोत चढवायला कुणी पोलिसांना फोन करत नाही, भावाला करतो.

माझ्या मागण्या तीन-चारच आहेत. पहिली पैशांची: १३ रुपये आणि त्यासाठी मारायला लावलेल्या टॉप-अपमधला कर व फी मिळून ५ रुपये ५ पैसे, एकूण १८ रुपये ५ पैसे परत करा. रक्कम छोटी आहे म्हणून हसू नका. असा व्यवहार किती नंबरांवर झाला ते तुमच्या संगणकात आहे, माझ्याकडे नाही. मुदत संपलेल्या प्रत्येक नंबरची अशी वसुली शोधून काढा आणि ग्राहकाने मागायची वाट न बघता परत करा.

दुसरी, आणि माझ्या दृष्टीने खरी. मुदत संपलेल्या ग्राहकाला टॉकटाइम उसना देऊ नका, मुदत उसनी द्या. २४ तासांचं आउटगोइंग, हवं तर मोजक्याच मिनिटांचं, आणि पुढचा रिचार्ज झाला की तेवढा एक दिवस प्लॅनमधून कापून घ्या. पैशाचा व्यवहारच नको, म्हणजे तीन रुपयांचा प्रश्नच उरत नाही. त्यात तुमचा तोटा कुठे आहे ते मला दिसत नाही. तेवढंही जमत नसेल तर बटणांच्या फोनवरून एक कोड दाबून आधी नोंदवलेल्या दोन-तीन नंबरांना ‘मला फोन करा’ असा मेसेज फुकट जाऊ द्या. दक्षिण आफ्रिकेत २००१ पासून बॅलन्स नसलेले ग्राहक असा मेसेज पाठवतात. आईचं इनकमिंग त्या दिवशी चालू होतं. मला फक्त कळायला हवं होतं, बाकीचे फोन मी केले असते.

पुराच्या दिवसांचं वेगळं. पंचगंगेने धोका पातळी ओलांडली की ज्या गावांना स्थलांतराच्या सूचना जातात, तिथल्या नंबरांची मुदत पाणी उतरेपर्यंत आपोआप वाढवा. जमत नाही म्हणू नका. २०२० च्या टाळेबंदीत दूरसंचार कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या कोट्यवधी प्रीपेड ग्राहकांची मुदत १७ एप्रिलपर्यंत वाढवली होती, वर १० रुपये टॉकटाइमही दिला होता. तेव्हा देशभर जमलं, तर करवीर आणि शिरोळच्या काही गावांपुरतं जमायला हरकत नाही.

आणि मुदत संपण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस प्रत्येक फोनआधी जी टेप वाजवता, ती मराठीत आणि तारखेसकट वाजवा. “लवकरच संपत आहे” यातून कुणालाही काही कळत नाही. “मंगळवारी रात्री १२ ला संपेल” असं सांगा.

या तक्रारीचा डॉकेट क्रमांक, कर्जाच्या मेसेजचा फोटो, टॉप-अपची पावती आणि वसुलीचा मेसेज सोबत जोडला आहे. तुमच्या ग्राहक सेवेने तक्रार ‘निकाली’ काढल्याचा मेसेज पाठवला, तो मला मान्य नाही. समाधान झालं नाही तर २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे ३० दिवसांत तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे जाईन. तिथे फी लागत नाही आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

उत्तर मराठीत आणि लेखी द्यावं, फोन करू नये. परतावा आईच्या बँक खात्यात जमा करावा. टॉप-अपच्या रूपात देऊ नये, त्यातून पुन्हा फी कापली जाईल.

आपली,
एका ग्राहकाची मुलगी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

(ग्राहकाची सही सोबत)