चौथं रहस्य तुझ्याकडे

सांगली, ७ ऑक्टोबर

प्रिय सखे,

‘रोज देवाचं काय टाकत असतेस फेसबुकवर? प्रार्थना दार लावून करायची असते,’ हा तुझा मेसेज दोन दिवस मनात घोळतोय. टायपून उत्तर जमेना, म्हणून पत्रच लिहायला बसले.

वसईत तुला कुणी विचारत नाही, तू कोण. नाक्यावर क्रूस, वाडीत क्रूस. इथे आपण कॅथलिक मूठभर. ख्रिस्ती म्हटलं की लोकांना मिरजेचं मिशन हॉस्पिटल आठवतं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं, पण ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनचं. त्यांच्यात आपल्यासारखी मारियेची जपमाळ नसते. शेजारच्या काकूंना हे तोंडी सांगून कधी उमगलं नव्हतं. आजीचं लाल लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन पवित्र मारियेपुढे मेणबत्ती लावतानाचा फोटो टाकला, आणि दुसऱ्या दिवशी काकू परसातली शेवंती घेऊन दारात. ‘तुमच्या आईला वाहा,’ म्हणाल्या. मला बोलताच येईना गं.

त्याच फोटोखाली कुणीतरी लिहिलं, ‘तुम्ही परके.’ रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी लिहिलं, की फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, मराठी ओवीत. आणि माझ्या आजीने शेवटचा श्वास घेतला तो ‘नमो मारिया’ म्हणत, मराठीतच. हे मी दार लावून लिहायचं होतं का?

पण तुझं एक खरं आहे. मागे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, मी फोन काढला होता. घंटा वाजली, फादरांनी ख्रिस्तशरीर, ती पवित्र भाकर, उंचावलं आणि मी स्क्रीनमध्ये बघत राहिले. घरी येऊन तो व्हिडिओ पुसला. तेव्हापासून फोन चर्चबाहेर, गाडीच्या डिकीत.

आणि लावलेलं दारही आहे आमचं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झाली, तेव्हा सांगली, मिरज, तासगाव, विटा आणि इस्लामपूर अशा पाच जणींनी व्हॉट्सॅपवर जपमाळ सुरू केली, ती अजून चालू आहे. जपमाळेत रोज येशू-मारियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, म्हणजे पाच रहस्यं; एकेकीने एकेक म्हणून व्हॉइस मेसेज टाकायचा. मागे कुकरची शिट्टी, कुणाच्या नातवाचं रडणं, सगळं त्यात येतं. तासगावच्या मावशी गुरुवारी अजून आनंदाचीच रहस्यं म्हणतात. गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली, पण मावशींच्या ओठांवर आईने शिकवलेलंच येतं. आम्ही टोकत नाही. या ग्रुपमधला एक शब्दही कधी बाहेर जात नाही.

आज रोजरीमातेचा सण, त्यात मंगळवार, म्हणजे दुःखाची रहस्यं. विट्याच्या ताईंची सून बाळंत झालीय, त्यांना महिनाभर सवड नाही. चौथं रहस्य, प्रभू क्रूस वाहून नेतो ते, रिकामं आहे. तू म्हणशील? आठपर्यंत पाठव. गळा बसला असला तरी चालेल.

तुझीच,
सांगलीकरीण