चि. मृण्मयीस

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. सातवा महिना लागलेला असताना नोव्हेंबरात कॅन्सस सिटीहून फोर्ट ब्रिजर या जुन्या किल्ल्यापर्यंत हजारएक मैल मोटारीने जायचे ठरले आहे, हे तू सहज सांगितलेस आणि माझा धीर सुटला. वायोमिंगमधला तो महामार्ग बर्फामुळे वरचेवर बंद पडतो. असो, त्याबद्दल आता लिहीत नाही.

जावईबापूंच्या घरात तो किल्ला वसवणाऱ्या जिम ब्रिजरशी नाते सांगतात, ते तू कागदोपत्री शोधते आहेस याचा मला अभिमान वाटतो. १८०४ साली व्हर्जिनियात जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला, सेंट लुईसला लोहाराच्या हाताखाली राबलेला आणि १८२२ मध्ये मिसुरी नदीने वर गेलेला हा मुलगा पुढे मोठा वाटाड्या म्हणून नावाजला. पण त्याला लिहिता येत नव्हते, सहीच्या जागी तो फुली काढत असे. त्यामुळे त्याचे घर तुला इतरांच्या कागदांतूनच जुळवावे लागेल. १८९० च्या जनगणनेची बहुतेक पाने नष्ट झाली आहेत, तेव्हा १८७० आणि १८८० च्या नोंदी नीट पाहा.

माझे मन मात्र त्याच्या मुलींपाशी अडकले. शिकावी म्हणून त्याने लहानग्या मेरी ॲनला दूर व्हिटमन या ख्रिस्ती धर्मोपदेशक दांपत्याच्या मिशनमध्ये ठेवले. गोवराच्या साथीत तिथल्या कायूस या मूलनिवासी लोकांची घरेच्या घरे ओस पडली, मिशनवाल्यांवर संताप उसळला आणि २९ नोव्हेंबर १८४७ रोजी मिशनवर हल्ला झाला. ओलिसांतून ती सुटली, पण १८४८ मध्ये गेली. बापाने तिच्या भल्यासाठीच पाठवले होते. विमानतळावर तू काचेपलीकडे वळलीस, तेव्हा बॅगेच्या पट्ट्यात अडकलेली ओढणी सोडवत होतीस; मी आत येऊ शकत नव्हतो.

दुसरी मुलगी व्हर्जिनिया. १८४९ मध्ये तिला जन्म देताना तिची यूट जमातीची आई गेली. हे मी लिहिणार नव्हतो. विनूच्या वेळचे तुझ्या आईला अजून आठवते, एवढेच. जवळपास दवाखाना नसलेल्या रस्त्यावर तू असू नयेस. पाहा, पुन्हा तेच लिहितो आहे, क्षमा कर.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आपल्या सात पिढ्या मी बोट ठेवून वाचल्या. आक्काआत्याचे नाव त्यात नाही. म्हणून सांगतो, तुझ्या वंशवृक्षात ब्रिजरच्या फ्लॅटहेड, यूट आणि शोशोनी या जमातींतल्या तिन्ही बायकांना जागा दे. म्हातारपणी तो आंधळा झाला, तेव्हा याच व्हर्जिनियाने त्याला सांभाळले, त्याच्यासाठी गरीब स्वभावाचा घोडा आणला आणि १९०४ मध्ये त्याला ओळखणारे रेल्वेचे अभियंता जनरल डॉज यांना पत्र लिहून ते सारे कळवले. ते पत्र आधी वाच.

त्याच वर्षी त्याच्या अस्थी इंडिपेन्डन्सच्या माउंट वॉशिंग्टन दफनभूमीत हलवल्या. ती जागा तुमच्या गावाशेजारीच आहे. सध्या तिथे जाऊन या. किल्ला जूनमध्ये पाहू, तोवर आम्हीही आलेले असू, बाळाला मी सांभाळीन.

तरीही निघालातच, तर निघताना आणि प्रत्येक मुक्कामाला फोन कर. इकडे मध्यरात्र असली तरी चालेल. फोन उशाशीच असतो.

तुझे बाबा