रनिंग ३८ हजार की ९२ हजार

प्रिय ईशा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही गाड्यांचे कागद वाचले. दोन्ही स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, म्हणजे टर्बो-पेट्रोल, दोन्ही २०१८ च्या, दोन्ही फर्स्ट ओनर. मुंबईची ३८ हजार किलोमीटर चाललेली, नाशिकची ९२ हजार. मुंबईची दोन लाखांनी महाग असूनही तुझं मन तिच्यात अडकलंय, हे तुझ्या मेसेजवरूनच कळलं. मी मात्र नाशिकची घे म्हणेन. कारणं फोनवर नीट सांगता येणार नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आधी मुंबईच्या गाडीची बिलं तारखेनुसार लावून बघ. २०१९, २०२०, मग मार्च २०२१ ला २७ हजारांवर सर्व्हिस. त्यानंतरचं बिल थेट जून २०२४ चं, ३६,४०० वर. मधे सव्वातीन वर्षं काहीच नाही. मालक म्हणतो, ‘गाडी चाललीच नाही तर ऑईल कशाला बदलायचं?’ पण कंपनीचा नियम १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असा आहे. त्यातल्या ‘एक वर्ष’ला कारण आहे. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये ऑईल पुरतं तापतच नाही. थंड इंजिनात जळून न गेलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑईलमध्ये उतरतं, आणि ते उडून जायला लागणारी उष्णता कधी मिळतच नाही. ऑईल पातळ होतं, आंबतं, गाळ धरतं.

साध्या इंजिनात हे एक वेळ खपून जातं. या इंजिनात नाही. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तो फक्त ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचं टायमिंग पुढेमागे करणारा ॲडजस्टरही त्याच दाबावर. म्हणजे तीन महागड्या गोष्टी एकाच ऑईलच्या भरवशावर आहेत, आणि तेच ऑईल तीन वर्षं जुनं होतं. त्यातून झालेली झीज आज दिसणार नाही. ती तुझ्याकडे आल्यावर दिसेल.

आता ३८ आणि ९२ या आकड्यांकडे जरा वेगळ्या बाजूने बघ. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सरासरी ताशी १८ किलोमीटर धर. ३८ हजारांना इंजिन २,१०० तासांच्या वर चाललं. नाशिकच्या माणसाचं येणंजाणं हायवेचं आहे, सरासरी ६५ धरली तर ९२ हजारांना साधारण १,४०० तास. जास्त किलोमीटरची गाडी कमी तास चालली आहे. आणि डीएसजीचे, म्हणजे या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, क्लच तर सगळ्यात जास्त झिजतात ते बंपर टू बंपर रांगताना, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करताना. हायवेला सहाव्या गिअरमध्ये ते नुसते पकडून बसलेले असतात.

याचा अर्थ ९२ हजार म्हणजे काहीच नाही असा नव्हे. बिलं कितीही चांगली असली तरी रबर आणि बेअरिंग किलोमीटर मोजतातच. शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, इंजिनची माउंटिंग, व्हील बेअरिंग, यांवर नाशिकच्या गाडीत खर्च येणार, तो आत्ताच गृहीत धर. पण हे भाग ठरावीक किमतीत मिळतात आणि बदलता येतात. आतून झिजलेलं इंजिन कधी, किती खर्चात नेईल हे कोणीच सांगू शकत नाही.

नुसतं सर्व्हिस बुकवरच्या शिक्क्यांवर जाऊ नकोस. शिक्का कुठेही मिळतो. जॉब कार्ड आणि पार्टची बिलं माग, आणि त्यात आकडे बघ. या इंजिनात ऑईल साधारण ५.७ लीटर लागतं. बिलावर ४ लीटर असेल तर काहीतरी चुकलंय. ऑईलवर फोक्सवॅगनचं ५०२ ०० हे अप्रूव्हल लिहिलेलं हवं, नुसतं ‘फुली सिंथेटिक’ नको. गिअरबॉक्सचं बिल तर शब्दन् शब्द वाच. हा सहा गिअरचा डीएसजी आहे, डीक्यू२५०. याचे क्लच ऑईलमध्ये बुडलेले असतात, त्यामुळे क्लचची भुकटी त्याच ऑईलमध्ये जाते. फिल्टर ती अडवतो. फिल्टर भरला की ती मेकॅट्रॉनिकच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या युनिटच्या, सॉलिनॉइड व्हॉल्व्हपर्यंत पोचते आणि गिअर झटके द्यायला लागतात. म्हणून दर ६० हजारांना ऑईल आणि फिल्टर दोन्ही. बिलात पाच लीटरच्या वर ऑईल आणि फिल्टरची वेगळी ओळ असायला हवी. ऑईलची ओळ आहे आणि फिल्टरची नाही, तर काम अर्धवट झालंय. नाशिकच्या गाडीत ५८,४०० वर दोन्ही ओळी आहेत, ते वाचून मला फार बरं वाटलं. स्पार्क प्लग ६० हजारांवर, चारही. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी. पुढच्या डिस्क आणि पॅड ७१ हजारांवर. ऑईल तर दर दहा हजारांना, म्हणजे कंपनी सांगते त्याच्या आधीच. असा मालक शोधून सापडायचा नाही.

पण कागद चांगला आहे म्हणून गाडी न तपासता घेऊ नकोस. दोन शंका आहेत, दोन्ही गाड्यांना लागू.

पहिली, मीटर. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावून पूर्ण स्कॅन घे. गाडीतल्या वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये जुने फॉल्ट साठवलेले असतात, आणि बऱ्याचदा प्रत्येकासमोर तो कधी आला ती तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर असतात. मीटर ३८ हजार दाखवतंय आणि एखादा फॉल्ट ६१ हजारांवरचा निघाला, तर पुढे काही बोलायची गरज नाही, किल्ली परत दे. टायरच्या कडेला डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघ. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. ३८ हजारांच्या गाडीला चारही टायर २०२१ चे असतील तर आधीचे कशाने गेले ते विचार.

दुसरी शंका रिमॅपची, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं (इसीयूचं) सॉफ्टवेअर बदलण्याची. ही गाडी घेणारे बरेचजण इसीयू ट्यून करतात आणि विकताना परत मूळचं (स्टॉक) करून ठेवतात. या गिअरबॉक्सची क्षमता ३५० न्यूटन-मीटर, आणि हे इंजिन मूळचंच ३५० देतं. ट्यून केल्यावर ताण थेट क्लचवर आणि इंजिनचे झटके शोषणाऱ्या ड्युअल मास फ्लायव्हीलवर येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन टीडी१ चा, म्हणजे ट्यूनिंग सापडल्याचा, शेरा आहे का ते विचारायचं. तो शेरा असला तर गाडी ट्यून झालेली होती, मालक काहीही म्हणो.

गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन गार हवं. बॉनेटवर हात ठेवून बघ. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा, संकोच करू नकोस. स्टार्ट केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद ड्रायव्हरच्या बाजूला, चेन तिथे आहे, साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का ऐक. मग टॉर्च घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बघ. तिथे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात बसवलेत आणि या इंजिनचं हे जुनं दुखणं आहे. तिथून कूलंट झिरपतं आणि वाळून गुलाबी खपली धरते. नाशिकच्या बिलांत हा भाग बदलल्याची नोंद नाही. खपली दिसली तर त्याचा पूर्ण खर्च किमतीतून कमी करून माग. दिसली नाही तरी तेवढे पैसे बाजूला ठेव.

चालवताना वीस मिनिटं आधी गाडी तापू दे. मग रिव्हर्समधून डीमध्ये टाक आणि ब्रेक हळूच सोड, पकड लगेच यायला हवी, थरथर नको. मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअलमध्ये तिसरा गिअर, २,००० आरपीएम, आणि ॲक्सिलरेटर जवळजवळ तळापर्यंत. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबरीने वाढले पाहिजेत. काटा उडाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. थांबल्यावर न्यूट्रलमध्ये दगड खुळखुळल्यासारखा आवाज आला तर फ्लायव्हील गेलंय. ब्रेक डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, तीही व्हर्नियरने मोजून घे.

कागदांचं थोडक्यात: मूळ आरसी, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज होतं असं दिसलं तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. हे हातात आल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

मुंबईची गाडी कोणी दोन लाखांनी स्वस्त दिली तरी मी नको म्हणेन. नाशिकच्या मालकाला आजच फोन कर आणि सांग, रविवारी सकाळी आठला येतो, आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. स्कॅनर मी घेऊन येते. टॉर्च आणि व्हर्नियर तू आण.

तुझी,
आई