आईचे दुखणे आणि तुम्हाला न विचारता घेतलेला एक निर्णय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बरी आहे गं मी" म्हणून तो तिथेच मिटवते आणि बाबा माझीच विचारपूस सुरू करतात, म्हणून मुद्दाम लिहायला बसले आहे. येत्या सोमवारपासून आठवड्यातून दोनदा, दुपारी चारच्या सुमारास, मसाजचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या एक बाई घरी येतील. दहा आठवड्यांचे पैसे मी भरून टाकले आहेत. तुम्हाला न विचारता हे ठरवल्याची मला जाणीव आहे. विचारले असते तर काय उत्तर आले असते, याचीही आहे.

आई, हे मी उत्साहाच्या भरात केलेले नाही. तुला फायब्रोमायाल्जिया आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी हाती लागेल ते वाचते आहे. या दुखण्यात स्नायू किंवा सांधे झिजलेले नसतात. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश आहेत त्यापेक्षा कितीतरी तीव्र करून घेतात, आणि म्हणूनच रक्ततपासणीत, एक्स-रेमध्ये काही सापडत नाही, पण माणूस रात्रभर कूस बदलत राहतो आणि सकाळी झोपलोच नव्हतो असा थकून उठतो. पूर्वी, १९९० च्या निकषांनुसार, अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहत आणि त्यांपैकी ११ दुखल्या तर हे निदान करत. २०१० पासून दुखण्याचा पसारा, थकवा, न लागणारी झोप आणि बोलता बोलता शब्द न आठवणे हेही त्यात धरू लागले. हे सारे वाचताना मला "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत, तू मनाला फार लावून घेतेस" हे माझे वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी ते बोलले होते आणि तू काही न बोलता पाणी भरत राहिली होतीस. त्याबद्दल मी अजून तुझी क्षमा मागितलेली नाही, ती इथे मागते.

मसाजने हा आजार जाईल असे मी म्हणत नाही. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निदान पाच आठवडे नियमित मसाज घेतलेल्यांच्या वेदना आणि चिंता कमी झाल्याचे दिसले. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी मात्र नंतरच्या शिफारशींत मसाजच्या बाजूने कौल दिला नाही, त्यांचा सर्वाधिक भर व्यायामावर आहे. बाबा नेमके हेच काढून दाखवतील, म्हणून आधीच लिहून टाकते. माझा हिशोब साधा आहे: मान आणि खांदे दुखतात म्हणून आई चालत नाही, आणि चालत नाही म्हणून अंग आणखी आखडते. मसाजनंतर एक दिवस जरी मोकळा मिळाला, तरी त्या दिवशी तिला दहा मिनिटे चालता येईल. मला तेवढेच हवे आहे.

त्या बाईंशी मी दोनदा सविस्तर बोलले आहे. पहिल्या वेळी त्या वीस-पंचवीस मिनिटेच करतील, तेही अगदी हलक्या हाताने. पालथे झोपणे जमत नसेल तर खुर्चीत बसून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर डोके टेकवले तरी चालते. अंगावर चादर राहील, खोलीचे दार लोटलेले राहील, पंखा मंद असेल. फक्त, परक्यांसमोर तोंड वाकडे करायचे नाही ही तुझी सवय इथे उपयोगाची नाही. दुखले की त्याच क्षणी "थांबा" म्हणायचे.

बाबा, आता तुमच्याकडे वळते, आणि रागावू नका. रात्री तुम्ही अंगठ्याने आणि कोपराने आईची पाठ रगडता, त्यामागचे तुमचे जागरण मला ठाऊक आहे. अलीकडे तर तुम्ही एक रात्र चुकवली नसेल. पण या आजारात गाठ मोडेपर्यंत दाबले की पुढचे दोन दिवस दुखणे वाढू शकते, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आई ते कधी सांगणार नाही. तेव्हा रगडणे बंद करा, पाठीवर तळहात नुसता टेकवून बसत जा. लहानपणी माझ्या पोटऱ्या ठणकायच्या, तेव्हा आई असाच हात फिरवत बसायची. मी झोपले समजून तिने हात काढला की मी मुद्दाम पाय हलवायचे. त्या हातात जोर मुळीच नव्हता, तरी झोप लागायची.

आता थोडे हुकूम. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी त्या बाईंना आधी दाखवा. बरे वाटते म्हणून आईने रात्रीची गोळी परस्पर बंद करायची नाही. मसाजनंतर लगेच उठायचे नाही, काठावर पाच मिनिटे बसायचे. ताप असेल तर त्या दिवशी मसाज नको. एका पोटरीवर सूज किंवा लाली दिसली तर तिला कोणाचाही हात लावू न देता थेट डॉक्टरांकडे जायचे. आणि आई, अंग हलके झाले म्हणून आठवड्याची कामे एका दुपारी उरकायला घेशील तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातच राहशील, मागे एकदा झाले तसे.

बाबांनी वहीत रोज दोनच गोष्टी लिहाव्यात: दुखणे दहापैकी किती आणि झोप किती तास. पाच आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही तर आपण थांबवू. उरलेले पैसे वाया गेले तरी चालतील, पण मागच्या वेळेसारखे ते माझ्या खात्यात परत पाठवू नका. सोमवारी मी मुद्दाम फोन करणार नाही. बुधवारी रात्री करीन, तेव्हा बाबांनी वही घेऊन बसावे आणि आईने आकडे बदलायला लावू नयेत.

तुमची,
धाकटी