ओल कुठून येते हे विचारणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

बाबांच्या पोटावरील फीडिंग ट्यूबभोवतीची (पोटावरच्या छिद्रातून थेट जठरात अन्न पोहोचवणाऱ्या नळीभोवतीची) त्वचा आता कोरडी आहे आणि कूस बदलताना ते कण्हत नाहीत, हे कळवण्यासाठी हे पत्र. तुम्ही आलात तेव्हा छिद्राभोवती दोन बोटे रुंदीचा लालभडक पट्टा होता आणि आमचे तिसरे मलम संपत आले होते. तुम्ही मलमाच्या ट्यूबकडे पाहिलेही नाही, गॉजची घडी बोटाने दाबलीत आणि विचारलेत, "ही ओल येते कुठून?" इतक्या दिवसांत हा प्रश्न आम्हांला पडलाच नव्हता.

जठरातील आम्ल नळीच्या कडेने झिरपत होते, आम्ही लावलेली जाड घडी ते शोषून त्वचेलाच चिकटवून ठेवत होती, आणि वर स्वच्छतेच्या हौसेने आम्ही हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून उरलीसुरली त्वचाही सोलवटून काढत होतो. नळीवरची, पोटाच्या बाहेर बसणारी चकती वर सरकल्याने नळी आतबाहेर हलत होती, आणि नळी जठरात अडकवून ठेवणाऱ्या आतल्या फुग्यातले पाणीही मोजल्यावर ठरलेल्या मापापेक्षा कमी निघाले. चकती घट्टच आवळावी असे मी म्हटले, तेव्हा तिच्या दाबाने खालची त्वचा आणि जठराची भिंत दुखावते, हे समजावून तुम्ही ती त्वचेपासून काही मिलिमीटर अंतरावर ठेवलीत. धाकट्या भावाने सुचवलेली जाड नळीही तुम्ही नाकारलीत, कारण तिने छिद्रच रुंदावते. (तो अजून थोडा खट्टू आहे.)

तेव्हापासून कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन, न घासता टिपून आम्ही झिंक ऑक्साइडचा पातळ थर देतो, नळी पोटावर चिकटपट्टीने धरून ठेवतो आणि फीड देताना व नंतर तासभर बाबांना उशाकडून उंच ठेवतो. लाली पसरली, पू किंवा ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवायचे, आणि भोवती सुटे लाल ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते म्हणून स्वतःहून मलम लावायचे नाही, हे तुम्ही सांगितलेले कागदावर लिहून पलंगाशी लावले आहे.

छिद्राच्या कडेला मसुराएवढा ओलसर लाल मांसकण मात्र अजून आहे. त्याला सिल्व्हर नायट्रेट (असे वाढलेले मांस जाळून काढणारे औषध) लावावे लागेल का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहोत. तोवर त्याला हात लावलेला नाही.

आपला कृतज्ञ,
बाबांचा थोरला मुलगा