मॅडम, पायांच्या अकरा जोड्या दोनदा मोजल्या आणि दोन्हीदा चुकलो

मॅडम, नमस्कार. त्या दिवशी तुमच्याकडून निघताना नीट थँक्यू पण म्हटलं नाही, नमुन्यांची डबी विसरायला नको या गडबडीत चप्पल घातली आणि सटकलो, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

नाशिकजवळ मखमलाबादला आमची वांग्याची रोपं खुजी राहायला लागली, उपटून बघितलं तर बारीक पांढरी मुळं कुणीतरी खुडून नेल्यासारखी, आणि मातीत पाच-सहा मिलिमीटरचं पांढरं काहीतरी सुळकन पळतंय. दुकानात विचारलं तर म्हणे वाणीची पिल्लं, ही घ्या पावडर. घेतली, टाकली, पैसे गेले.

तुम्ही फोनवरच म्हणालात, पावडर राहू दे, आधी अर्धा बटाटा कापून ओल्या मातीवर पालथा घाल, वर वाटी झाक, उद्या बघ. दुसऱ्या दिवशी बटाट्याखाली सतरा! ब्रशने उचलून स्पिरिटमध्ये टाकले आणि गंगापूर रोडला तुमच्याकडे आलो. मी अगदी ऐटीत सांगितलं की मॅडम तीन जाती आहेत, एकीला पायांच्या 9 जोड्या, एकीला 11, एकीला 12. तुम्ही हसलात नाही हे विशेष, मी तुमच्या जागी असतो तर हसलो असतो. ही सिम्फायला, म्हणजे गोमेसारखे दिसणारे मातीतले बारीक पांढरे जीव, म्हणालात, अंड्यातून येताना 6-7 जोड्या असतात, कात टाकत टाकत वाढून मोठेपणी 12. म्हणजे माझ्या तीन जाती म्हणजे एकाच घरातली लहान-मोठी पोरं!

पण मग तुम्हीच मायक्रोस्कोपखाली 11 जोड्यांचा दुसरा एक धरलात, आणि मला तिथेच खरी मजा आली. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्यांना मागे दोन त्रिकोणी टोकं, आणि पायांची पहिली जोडी म्हणजे नुसते केसाळ गोळे, मी ते मोजलेच नव्हते. ते धरले की बारा, म्हणजे हा पूर्ण वाढलेला, सिम्फायलातलाच सिम्फिलेला नावाचा वंश. आधीचा अकरावाला मात्र खरंच लहान, त्याच्या पट्ट्या मागे गोलसर, टोकं नाहीत, पहिले पाय व्यवस्थित. त्याचं शेवटचं पाठीचं कवच फिरवून फिरवून बघितलंत, दोन शेपटांच्या मध्ये खोल खड्डा असला तर स्कुटिगरेला वंश, नसला तर बहुतेक हॅन्सेनिएला. खड्डा नव्हता. तुमचा चहा तोवर पार गार.

मी म्हटलं जातीचं नाव पण लिहू का, तर तुम्ही पेन काढून घेतलंत! वंशापर्यंतच थांब, पुढचं अंगावरचे केस मोजल्याशिवाय कुणाला कळत नाही. आधी राग आला थोडा, खोटं कशाला बोलू.

परवा परत बटाटा ठेवला होता. एक मिलिमीटरचं एक पांढरं सापडलंय, त्याच्या मिशांना फाटे आहेत, म्हणजे तुम्ही म्हणाला होतात ते पॉरोपॉडच, मातीतलाच आणखी एक बारीक बहुपाद जीव, असणार बहुतेक. डबी भरून ठेवलीय, रविवारी येतो, चहा मी करतो.